समुद्र दूर, खारे पाणी दारात

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शाळकरी पोरालाही आता पाण्याचे दोन प्रकार ठाऊक आहेत. एक वापरायचे पाणी आणि दुसरे फिल्टरचे पाणी. पहिले नळाला येते नाहीतर बोअरमधून उपसले जाते. त्यावर धुणी-भांडी होतात, गुरे पितात. दुसरे गावातल्या शुद्ध पाण्याच्या केंद्रावर नाणे टाकून जारमध्ये भरून आणायचे आणि तेवढेच प्यायचे. पाहुणा आला तर घरातली बाई 'फिल्टरचं आहे हो' असे सांगून तांब्या पुढे करते. पाणीपट्टी भरायची ती भरायचीच आणि वर पिण्याचे पाणी विकत घ्यायचे, हा दुहेरी खर्च आता कोणाला खटकेनासा झाला आहे. मला तो खटकतो. त्याहून अधिक खटकते ते हे, की या केंद्राच्या मागच्या अंगाला एक नळी सतत वाहत असते आणि तिच्याकडे कोणीच पाहत नाही. तिच्याविषयी पुढे लिहिणारच आहे. पण आधी ही वेळ आली कशी, ते पाहू.

मुळा-मुठा पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमेच्या एका तीरावर शिरूर तालुका, दुसऱ्या तीरावर दौंड. पुढे हेच पाणी उजनीच्या फुगवट्यात जाऊन साठते. पुणे शहराच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे आहेत. त्यांची एकत्रित साठवण सुमारे २९ टीएमसी. वरच्याने धरणातले निर्मळ पाणी प्यायचे आणि खालच्याने त्याने वापरून सोडलेले, असा हा व्यवहार आहे. मुंढव्याला जॅकवेल बांधून ६.५ टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी जुन्या 'बेबी' कालव्यातून हवेली-दौंडच्या शेतीला द्यायचे ठरले. कल्पना वाईट नव्हती. पण प्रक्रिया किती झाली आहे, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, पाण्याचा वास आणि त्यावरचा फेसच ते सांगतो. जपानच्या 'जायका' संस्थेशी नदी शुद्धीकरणाच्या कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. ११ केंद्रे, रोज ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता. प्रत्यक्ष कामाला हात लागायला २०२२ उजाडले. नदी काही निविदांसाठी थांबत नाही.

सगळा दोष पुण्याच्या माथी मारून मात्र आपली सुटका होणार नाही. बारमाही उसाला पाटाने दिलेले भरमसाट पाणी आणि मुठीने टाकलेले खत यांनी आपल्याच शिवारात मीठ फुटले आहे. जमीन चोपण झाली की तिच्या खालचे पाणीही मचूळ होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावे, असे म्हटले आहे. खतातून आणि शेणामुतातून उतरणाऱ्या नायट्रेटची मर्यादा आहे ४५ मिलिग्रॅम. ती ओलांडली गेली तर वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांना धोका असतो. आणि पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. आजीचा उपाय इथे चालत नाही.

मीठ आणि पडदा

मग चालते काय? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे घरोघरी पाहिलेले असते. फोडीतल्या पेशींचा पडदा पाण्याला जाऊ देतो, आणि पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे धावते. ही क्रिया दाब देऊन उलटी फिरवली की खाऱ्या बाजूचे पाणी पडद्यातून गोड बाजूला येते आणि क्षार मागे राहतात. आपण ज्याला 'आरओ' म्हणतो, ते एवढेच.

हा शोध कोणा व्यापाऱ्याच्या दुकानात लागलेला नाही. अमेरिकेच्या सरकारने १९५२ साली खारे पाणी गोडे करण्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र कायदा केला आणि पैसा दिला. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी उपयोगी पडेल असा पडदा तयार केला. सौरीराजन मूळचे आपल्या देशाचे, हे आवर्जून सांगायला हवे. १९६५ साली त्याचे पहिले केंद्र उभे राहिले ते कोअलिंगा या गावी. हे गाव समुद्रकाठचे नव्हे. तिथल्या विहिरींचे पाणी इतके खारट होते, की एके काळी पिण्याचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आणावे लागे. दौंडसारख्या रेल्वेच्या गावाला ही गोष्ट परकी वाटू नये.

आपल्याकडेही सरकारने काही केले नाही असे नाही. भावनगरची मीठ संशोधन संस्था १९५४ पासून आहे. १९८६ साली पिण्याच्या पाण्याचे राष्ट्रीय तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. २००५ साली लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर समुद्राच्या खोल थरातले थंड पाणी वापरून रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारे केंद्र उभे राहिले. चेन्नईजवळच्या मिंजूरचे केंद्र २०१० चे. मुंबई महापालिकेने मनोरीच्या प्रकल्पासाठी २०२१ मध्ये एका इस्रायली कंपनीशी करार केला. पण निःक्षारीकरण म्हटले की राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. सह्याद्रीच्या अलीकडच्या माणसाला त्या पाण्याचा काय उपयोग? एक हजार लिटर समुद्राचे पाणी गोडे करायला तीन-चार युनिट वीज लागते. मग ते घाट चढवायचे कोणी?

नळीचे काय?

आता त्या नळीकडे वळू. पडद्याने अडवलेले क्षार कुठेतरी जायलाच हवेत. आपण हिशेब मांडून पाहू. समजा, एका गावच्या केंद्राने दिवसाला २०,००० लिटर पाणी उपसले, त्यात लिटरला दीड ग्रॅम क्षार आहेत, आणि त्यातले निम्मे पाणी गोडे होऊन निम्मे टाकून दिले जाते. म्हणजे रोज ३० किलो क्षार वर आले, आणि त्यातले जवळजवळ सगळे नळीतून बाहेर पडले. वर्षाला दहा टनांहून अधिक! हे पाणी गटारात जाते, गटाराचे ओढ्यात, आणि ओढ्याचे मुरते पुन्हा आपल्याच बोअरमध्ये. समुद्रकाठच्या केंद्राला निदान समुद्र तरी असतो. दौंडला समुद्र नाही. आपण एका घरचा हंडा गोडा करताना साऱ्या गावची विहीर थोडी थोडी खारट करत आहोत.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल कान उपटले, आणि ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे ही यंत्रे नकोतच, असे म्हटले. ते योग्यच आहे. जिथे पाण्यात फक्त जंतू आणि गढूळपणा आहे, तिथे वाळूची गाळणी आणि क्लोरीन पुरते. पण जिथे क्षार खरोखरच जास्त आहेत, तिथे उरलेल्या पाण्याचे काय करायचे? ते किती आटवायचे, कुठे वाळवायचे, त्यावर कोणते खारपड झाड वाढते, खर्च किती येतो? या प्रश्नांची उत्तरे विक्रेता शोधणार नाही, कारण त्यात त्याला नफा नाही. इथे सरकारी पैसा हवा.

मागायचे काय?

आज सरकारचा पैसा यंत्र बसवण्यापर्यंत येतो आणि फीत कापली की संपतो. तो दोन दिशांनी पुढे गेला पाहिजे. एक म्हणजे, सरकारी निधीतून होणाऱ्या प्रत्येक केंद्राचे पैसे यंत्र बसवल्याबद्दल न देता दहा वर्षे चांगले पाणी दिल्याबद्दल टप्प्याटप्प्याने द्यावेत. टाकाऊ पाण्याची सोय आधी दाखवावी आणि पाण्याच्या तपासणीचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दरमहा लागावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भीमेच्या काठी कायमस्वरूपी प्रयोग केंद्र हवे, तीन वर्षांच्या अनुदानावर चालणारे नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पाणी गाळणाऱ्या पडद्यांवर काम झाले आहे. टाटांच्या पुण्यातल्याच संशोधन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेचा फिल्टर तयार केला, आणि त्यातूनच २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' बाजारात आला. नागपूरच्या 'नीरी'ने पाणवनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत बसवली आहे. ही विद्या दौंडपासून फार दूर नाही. तिला गावापर्यंत यायला वाट तेवढी नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, की आधी पुण्याने घाण सोडणे थांबवावे, संशोधन ही पळवाट आहे. घाण थांबवायलाच हवी, आणि शहराकडून व कारखान्यांकडून त्याची किंमतही वसूल करायला हवी. पण उद्या पुण्याचा शेवटचा थेंब शुद्ध झाला तरी जमिनीखाली साठलेले क्षार आणि नायट्रेट आपोआप जाणार नाहीत. दुसरा आक्षेप, की संशोधनावरचा पैसा वाया जातो. काही जाईलच. पण इंग्रजांच्या मुंबई सरकारने अवर्षण आणि दुष्काळांशी झगडताना १९१६ साली पुण्यात पाटबंधारे संशोधनाचा एक लहानसा कक्ष काढला. आज तो खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा म्हणून देशभर नाव मिळवून आहे. परक्या सरकारला जे सुचले, ते आपल्या सरकारला सुचू नये, याला काय म्हणावे?

पुढच्या ग्रामसभेत रस्त्याच्या आणि दिव्याच्या यादीत हाही प्रश्न घ्यावा, असे मी सुचवतो. आपल्या केंद्राची नळी कुठे जाते, शेवटची पाणी तपासणी केव्हा झाली आणि तिचा आकडा काय आला, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. उत्तरे आली नाहीत तर ती न आल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेकडे पाठवावी. शंभर गावांचे असे कागद गेले, तर पाण्याच्या संशोधनाला पैसा का हवा, हे मंत्रालयाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.