बांगड्याचा कल्ला बघणारी बाई रामेनपुढे गप्प का?

लालबागच्या बाजारात बांगड्याचा वाटा घेताना आमची बाई आधी कल्ला उचलून बघते. लाल असला तर पुढचं बोलणं. मग पोट दाबून बघते, "सकाळचा की बर्फातला गं?" म्हणून कोळणीला छेडते, तिची चार वाक्यं हसत ऐकून घेते आणि वर एक बांगडा टाकून घेतल्याशिवाय पिशवी पुढे करत नाही. हीच बाई लोअर परळच्या एखाद्या एशियन नूडल बारमध्ये गेली की साडेआठशे रुपयांच्या वाडग्यापुढे तोंड उघडत नाही. मुलाने मोबाइलवर मेन्यू दाखवला, त्यातल्या एका चित्रावर बोट ठेवलं, आलं ते खाल्लं, झालं ते बिल भरलं. बाप्ये तर तिच्याहून भित्रे. आपलं काहीतरी चुकेल, आपण गावंढळ दिसू, या धाकाने सगळे नुसते माना डोलावत बसतात.

मला या गप्प बसण्याबद्दल लिहायचं आहे. ही हॉटेलं महाग आहेत, याबद्दल नाही. गिरण्यांच्या जागी नूडल्स आले, याबद्दलही नाही. गिरण्यांच्या जमिनी १९९१च्या नियमाप्रमाणे कशा वाटल्या जायच्या होत्या आणि २००१च्या दुरुस्तीनंतर कशा वाटल्या गेल्या, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्याचा राग रामेनवर काढण्यात काही अर्थ नाही.

जेवणाच्या धंद्यातलं मला थोडंफार कळतं. माझी आई लालबागला चाळीतल्या खोलीत खानावळ चालवायची. गावी बायकापोरं ठेवून आलेले, पाळीप्रमाणे झोपणारे गिरणी कामगार आमच्याकडे जेवायला. भाकरी, आमटी, भात, बुधवारी-रविवारी मासळी. पैसे पगार झाल्यावर. वही माझ्याकडे असायची, कारण घरात अक्षर माझंच बरं. अशा बायकांना वाणी आणि सावकार यांच्या कचाट्यातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांच्यासाठी बँकांची दारं उघडली. त्याआधी आमच्या आईसारखीला कर्ज देणार कोण? १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि माझ्या वहीत एकेका नावापुढे 'गावी गेला' असा शेरा पडत गेला. ती उधारी कधी वसूल झाली नाही. आईने कुणाला पत्रही घातलं नाही.

सांगायचा मुद्दा असा की, त्या खानावळीत विचारण्याला बंदी नव्हती. "काकी, आमटी आज पातळ झाली." "काकी, सुरमईचा तुकडा म्हणालात, ही तर गेदर दिसते." रोज हे चाले. आई कधी चिडायची, कधी खोबरं महागल्याचं सांगायची, कधी मुकाट्याने वाटी परत घ्यायची. विचारणारं गिऱ्हाईक टिकतं, असा तिचा अनुभव. न बोलणारा माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या खानावळीत दिसायचा.

आता नूडल्सचं. आपण या पदार्थाला इतकं बिचकावं असं त्यात काय आहे? मालवणी घरात शिरवाळे होतात. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे गरम असतानाच साच्यातून दाबायचे, खाली पडलेल्या शेवयांवर वेलचीचा वास असलेला नारळाचा गोड रस ओतायचा. तांदळाच्या नूडल्स नारळाच्या दुधात खाणारी माणसं आपण. रामेनच्या गव्हाच्या नूडल्सना तो पिवळसर रंग आणि चावताना लागणारा ताठपणा येतो तो कान्सुईमुळे, म्हणजे क्षार असलेल्या पाण्यामुळे. उडदाच्या पापडात पापडखार घालणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला जपानी शेफ कशाला हवा? आणि मुंबईला तर चिनी जेवण नवीन नाहीच. ताजमध्ये गोल्डन ड्रॅगन १९७३ साली उघडलं. दोन वर्षांनी नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात चिकन मंचुरियन केलं, ते खाली उतरत उतरत आमच्या नाक्यावरच्या गाडीपर्यंत आलं आणि तिथे त्याची चायनीज भेळ झाली. संपाचं दुसरं वर्ष चालू असताना, १९८३ला, मॅगी बाजारात आली. म्हणजे लालबाग-परळच्या निदान दोन पिढ्या नूडल्सवर पोसल्या आहेत. तेव्हा पदार्थाची भीती नाही. भीती आहे ती मंद दिव्यांची, इंग्रजीची आणि काळ्या एप्रनची.

गेल्या वर्षी भाचा आणि त्याची बायको मला अशा एका ठिकाणी घेऊन गेले. नाव सांगत नाही, एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे एवढं पुरे. आत इतका काळोख की मेन्यू वाचायला मोबाइलची बॅटरी लावावी लागली. गाणी अशी की समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं. भाच्याच्या बायकोचा गुरुवार होता, म्हणून ती शाकाहारी. (गुरुवार पाळून बारमध्ये बसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.) तिने शाकाहारी रेड करी नूडल्स मागवल्या. मी वेटरला विचारलं, "बाळा, या वाटणात कोळंबीची पेस्ट आहे का? आणि फिश सॉस?" थाई लाल करीच्या मूळ वाटणात आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, आणि वरून फिश सॉस पडतो. हे मला भाच्याच्याच घरातल्या एका बाटलीच्या लेबलवरून कळलेलं.

भाचा टेबलाखालून माझा हात दाबत म्हणाला, "मावशी, इथे असं विचारत नाहीत गं."

वेटर मात्र खुलला. दार्जिलिंगचा मुलगा, हिंदी स्वच्छ. "आंटी, किचन में पूछ के आता हूं," म्हणून आत गेला तो पाच मिनिटांनी आला. शाकाहारी वाटण वेगळं होतं, त्यात कोळंबी नाही. फिश सॉसऐवजी सोया. पण वाडग्याच्या कडेला जो पांढरा कुरकुरीत पापड खोचून देतात, तो कोळंबीच्या पिठाचा. तो काढायला सांगितला आहे, म्हणाला. म्हणजे मी गप्प बसले असते तर बाईचा गुरुवार त्या पापडात गेला असता, आणि तिला कळलंही नसतं. मग मी माझ्या रामेनचंही विचारून घेतलं. रसा कोंबडीच्या हाडांचा, सकाळपासून मंद आचेवर ठेवलेला. वाडग्याच्या तळाशी आधी खारं वाटण, सोया किंवा मिसोचं, त्यावर रसा, मग नूडल्स, शेवटी तेल आणि सोयात मुरवलेलं अर्धकच्चं अंडं. मग त्याने स्वतःहून सांगितलं की त्याच्या घरी थुक्पा करतात, आणि तो याच्यापेक्षा चांगला असतो. शेवटचं वाक्य मॅनेजर लांब गेल्यावर.

रामेन आलं. भाच्याने फोटो काढायला घेतले, एकदा वरून, एकदा बाजूने, एकदा काड्या वर धरून. मी त्याला थांबवलं नाही, माझं खायला सुरुवात केली. या नूडल्स गरम रशात मिनिटामिनिटाला फुगतात. वाट बघितली की लगदा. वाडगा तिघांत वाटून घेण्यातही गंमत नाही. आणि भुरके मारून खायचं असतं, जपानात तसंच खातात. ताकाच्या कढीचा भुरका मारत मोठे झालेले आपण इथे येऊन ओठ मिटून नूडल्स ओढतो, हे बघवत नाही. मी भुरके मारले. रसा उत्तम होता, मीठ थोडं पुढे. अंडं अप्रतिम. माझ्या मते नूडल्स पैसे वसूल होत्या.

किमतीबद्दल मी भांडणार नाही. हॉटेलच्या धंद्यात कच्चा माल साधारण विक्रीच्या एक तृतीयांशाच्या आत बसवतात; बाकी भाडं, पगार, वीज, परवाने, सजावट आणि उरलाच तर नफा. आमच्या आईचं गणित उलटं होतं. बहुतेक पैसा वाण्याकडे जायचा, खोलीचं भाडं किरकोळ, आणि तिच्या कष्टाची किंमत वहीत कधी लिहिलीच गेली नाही. त्या हिशोबाने आजच्या हॉटेलवाल्याला लुटारू म्हणणं मला जमत नाही. मेन्यूवर आकडा छापला आहे, परवडत नसेल तर उठावं. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त लावलं म्हणून आवाज चढवणाऱ्यांनीही जपून राहावं; हॉटेलांना तशी मुभा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये सांगितलं आहे.

पण बिलात न सांगता घुसवलेली ओळ, ती वेगळी. आमच्या बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता, आणि तो धरून झालेल्या रकमेवर जीएसटी. भाच्याच्या कॉकटेलवर राज्याचा व्हॅट वेगळा, तो रास्त आहे. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ला तशा सूचना काढल्या: हॉटेलने तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचा नाही. हॉटेलांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या. हे सगळं वर्तमानपत्रांत आलं होतं. तरीही त्या रात्री आजूबाजूच्या टेबलांवर तीच ओळ असलेली बिलं येत होती, आणि कार्डं टपाटप पुढे होत होती.

मी मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, कंपनी पॉलिसी आहे." मी म्हटलं, "असू द्या. माझ्या बिलातून काढा." भाचा खाली मान घालून मोबाइल बघत बसला, जणू आम्ही एकत्र आलोच नाही. नवं बिल आलं, ओळ गेलेली. वाद नाही, आरडाओरडा नाही. जेवढे वाचले त्याहून थोडे जास्त मी दार्जिलिंगच्या मुलाच्या हातात दिले. बिलातला सर्व्हिस चार्ज त्याच्यापर्यंत किती पोचतो हे बिलावरून कळायला मार्ग नाही. हातात दिलेलं पोचतं.

एक शेवटचा प्रश्न मी विचारला, आणि तो सगळ्यांना सर्वांत विचित्र वाटला. "आग लागली तर बाहेर कुठून जायचं?" २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या गच्चीवरच्या हॉटेलांत आग लागली. चौदा माणसं गेली. त्यातली बरीच स्वच्छतागृहात आसऱ्याला शिरली होती आणि तिथेच गुदमरली. वाढदिवसाला आलेली मुलगीही त्यांत होती. नंतर महापालिकेचा हातोडा काही दिवस दणक्यात फिरला, चौकशा झाल्या, बातम्या आटल्या. जेवायला जाणाऱ्या माणसाने मात्र त्यातून काही उचललेलं दिसत नाही. आम्ही आत शिरताना चपलांपासून झुंबरापर्यंत सगळं बघतो, दुसरं दार बघत नाही.

मला दाखवलं. स्वयंपाकघराच्या बाजूने एक अरुंद वाट होती, टोकाला दार, दारावर हिरवी पाटी पेटलेली. वाटेत सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांचे क्रेट भिंतीला लावून रचलेले. एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा. मॅनेजर म्हणाला, "हलवतो." मी तिथेच उभी राहिले. दोन क्रेट हलले, चार राहिले.

यात मी काही शौर्य केलं असं नाही. लालबागच्या बाजारात रोज सकाळी हजार बाया याहून तिखट प्रश्न विचारतात. फरक इतकाच की तिथे विचारलं नाही तर शिळी मासळी घरी येते. इथे विचारलं नाही तर मॅनेजरला वाटतं, चाललंय ते ठीक चाललंय. तरुण मुलांना माझं एवढंच म्हणणं आहे की, आईवडिलांना या हॉटेलांत जरूर न्या, पण तिथे त्यांचा हात दाबू नका. त्यांना बाजार करायची सवय आहे. रसा कशाचा, पापड कशाचा, ही ओळ कसली आणि दुसरं दार कुठे, हे त्यांना विचारू द्या, मोठ्याने आणि मराठीत. आणि सर्व्हिस चार्ज काढायला कुणी नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. टेबलावरूनच लावा.