हिरो बँडवाला काहून नाही?

रॉकस्टारच्या प्रेमकथा मी भरपूर वाचते. अमरावती ते अकोला एसटीत फोनवर चार-पाच भाग आरामात होतात. त्यामुळे ‘टाइमपास साहित्य’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मला आपल्यात धरू नये. माझं भांडण वेगळं आहे. या कथांचा नायक वाजवणारा असतो आणि अख्ख्या कथेत तो वाजवतच नाही.

गिटार असते, पण खांद्यावर शोभेला किंवा रागात आपटायला. बोटं सोलली, एकाच कडव्यावर रात्र गेली, ड्रमवाल्याचे पैसे बुडाले, असलं काही घडत नाही. घडतं ते एवढंच, की नायकाला आई नसते, तो कुणाशी धड बोलत नाही आणि एक साधी मुलगी त्याला माणसात आणते.

साचा बाहेरचा आहे. ॲना टॉडची ‘आफ्टर’ २०१३मध्ये वॉटपॅडवर सुरू झाली. नायक वन डिरेक्शनच्या हॅरी स्टाइल्सवरून बेतलेला, पण कथेत तो कॉलेजातला एक तापट पोरगा, बस. त्याच वर्षी आलेल्या कायली स्कॉटच्या ‘लिक’मध्ये नायिका लास वेगासमध्ये जागी होते तर तिचं एका गिटारवाल्याशी लग्न झालेलं. गंमत आहे, मीही एका रात्रीत संपवली. मात्र टेलर जेन्किन्स रीडची ‘डेझी जोन्स अँड द सिक्स’ (२०१९) वाचा. तिथं गाणं कुणाचं, शब्द कुणाचे, यावरून माणसं भांडतात आणि त्या भांडणातूनच प्रेम कळतं. म्हणजे जमतं की!

आपल्याकडं मात्र नक्कल झाली ती साच्याची. मराठी ॲपवरच्या कथांत नावं बदलतात, नायक पुण्या-मुंबईच्या विसाव्या मजल्यावर राहतो आणि बाकी तेच. त्यात ‘रॉकस्टार’ (२०११) सिनेमानं आपल्या डोक्यात बसवून दिलं, की दिल तुटल्याशिवाय संगीत येत नाही. वा! दिल तुटायला काय लागतं? कॅशिओ घ्यायला मात्र कर्ज लागतं.

बँडमधलं आयुष्य पाहायचं तर वऱ्हाडात लग्नसराईत या. अकोल्याचा मे महिना, पारा ४५च्या पुढं, आणि भरदुपारच्या वरातीत जाड लाल कोट घालून ट्रम्पेट फुंकणारा पोरगा. तो कोट लष्करी बँडची आठवण आहे. इंग्रज गेले, कोट राहिला. मागं ढोल, ताशा, हातगाडीवर कर्णे, कुठं बेंजो, कुठं नागपूरकडून आलेलं धुमाल. नवरदेवाचे दोस्त एकच गाणं पाचव्यांदा वाजवायला लावतात. नोटा ओवाळून उडवतात, त्या वेचायच्या की सूर धरायचा हे एका क्षणात ठरवावं लागतं. पंगत उठल्यावर यांचं जेवण. मग चातुर्मास लागला की मुहूर्त बंद, कमाई बंद, कुणी मजुरीला, कुणी ऑटोवर. वर डीजेनं निम्मी कामं खाल्ली ते वेगळंच. एवढा मसाला एका बँडमध्ये असताना आपल्या लेखकांना लास वेगास काहून लागते?

कारण सरळ आहे, बोलत कुणी नाही. वाजवणं हे काम आपल्याकडं जातीनं वाटलेलं होतं. हलगी मातंगांच्या गळ्यात, वाजंत्री दाराबाहेर. आजही बँडपथकांत दलित आणि मुसलमान पोरं किती दिसतात ते बघा. गिटारवाल्याच्या प्रेमात पडणारी नायिका ‘बोल्ड’ ठरते. तीच मुलगी क्लॅरिनेटवाल्याच्या प्रेमात पडली तर तिच्या घरी काय होईल, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. म्हणून आपण नायकाच्या हातात गिटार देतो. गिटारला जात नसते ना!

यावर उत्तर येतं, वाचकाला स्वप्न हवं असतं, गरिबी नको. मान्य. पण १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतांच्या कुठल्याही स्टेजसमोर उभं राहा. गाणाऱ्याकडं कोण कसं बघतंय ते दिसेल. स्वप्नच ना ते? ड्रम सोलो हवा असेल तर अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज एकटे सात खंजिऱ्या वाजवतात. प्रेमाचे शब्द हवे असतील तर सुरेश भट अमरावतीचेच. आणि वऱ्हाडी बोलणारा नायक हास्यास्पद वाटेल ही भीती असेल, तर उद्धव शेळक्यांनी १९६०मध्येच ‘धग’ लिहून ठेवली आहे. ज्या बोलीनं कौतिकचं दुःख पेललं तिला ‘तू मले आवडतं’ एवढं जड जाईल?

तेव्हा लिहिणाऱ्या मैत्रिणींनो, मला अशी एक कादंबरी पाहिजे. राजकमल चौकातून वरात चाललेली. बेंजोवाला वाजवताना मान वर करत नाही, कारण गाडीवरची वायर सैल आहे आणि एक हात तिच्यावर ठेवावा लागतो. गच्चीवरून नवरीची चुलतबहीण बघते आहे. गाणी कोणती, सुपारी किती, उधारी कुणाकडं, सगळं लिहा. ती खाली येऊन त्याला पाण्याचा गिलास देईल तेव्हा तो स्टीलचा असेल की वापरून फेकायचा, तेही लिहा. आणि पुढचा भाग शनिवारी टाका, माझी एसटी साडेसातची असते.