मृत कामगाराची नोंद कोणी शोधायची?

घरातला कर्ता पुरुष गेला की शोकाचे दिवस सरण्यापूर्वीच कागदांचे दिवस सुरू होतात. मृत्यूचा दाखला हाती येतो, तेराव्याचा विधी आटोपतो आणि त्याने जिथे आयुष्यभर घाम गाळला, त्या नोकरीचा पुरावा शोधण्यासाठी त्याच्या विधवेला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्यातील तालुक्यांत हा प्रश्न अधिकच बिकट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबविले. एप्रिल २०१४ मध्ये बंदी उठली, परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लिजांचे दुसरे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा ठप्प झाले. खाण थांबली की तिच्या कचेरीलाही टाळे लागते. मग कामगाराच्या नोंदी कोणाकडे मागायच्या?

कायद्याने या कुटुंबांना वाऱ्यावर सोडलेले नाही. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेप्रमाणे कामगाराला नोकरीत असताना मृत्यू आला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेस निवृत्तिवेतन मिळते. नोकरी सुटल्यावर, वयाची ५८ वर्षे पुरी होण्यापूर्वी तो गेला, तर त्याची दहा वर्षांची सेवा भरलेली असावी लागते. खरी मेख आहे ती येथेच. खाणीवरचा कामगार खाणमालकाचे नाव सांगतो, पण त्याचा भविष्य निर्वाह निधी पुष्कळदा कंत्राटदाराच्या नावे भरलेला असतो. यूएएन हा कायमचा क्रमांक २०१४ मध्ये आला. त्यापूर्वी कंत्राटदार बदलला की खातेही बदलत असे. तीन कंत्राटदारांकडे चार-चार वर्षे राबलेल्या माणसाची ही तीन खाती जोडली गेली, तर बारा वर्षे भरतात; न जोडली गेली, तर कागदोपत्री त्याची दहा वर्षे कधीच भरत नाहीत.

त्यात गोव्यापुरते आणखी एक विघ्न आहे. पोर्तुगीज अमदानीत नोंदलेले आडनाव पुढल्या पिढीच्या जन्मदाखल्यातही पोर्तुगीज वळणाच्या रोमन अक्षरांत उतरते. शाळेत ते निराळे लिहिले जाते आणि कंत्राटदाराचा कारकून आपल्या समजुतीप्रमाणे तिसरेच लिहितो. जिवंत माणूस हा घोळ स्वतः उभा राहून निस्तरू शकतो. मृताच्या वतीने मात्र ‘हे तिघे एकच’ असे शपथेवर सांगण्याची पाळी त्याच्या पत्नीवर येते.

दावा वीस दिवसांत निकालात काढावा, विनाकारण विलंब झाल्यास बारा टक्के व्याज द्यावे आणि ते आयुक्ताच्या वेतनातून वसूल करता यावे, अशी कडक तरतूद या योजनेत आहे. परंतु ही मुदत मोजली जाते ती ‘सर्वतोपरी पूर्ण’ असा दावा दाखल झाल्यापासून. जिचा दावा पूर्ण आहे, तिला कायद्याचे संरक्षण. जिला ते सर्वांत अधिक हवे, तिचा अर्ज मात्र अपुरा म्हणून परत! हा न्याय म्हणावयाचा काय?

पुरावे हुडकण्याचा भार विधवेवर टाकणे मुळातच चूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वर्गणीचा तपशील धाडण्याचे बंधन मालकावर होते आणि तो जपण्याचे काम निधी कार्यालयाचे. कंत्राटी कामगाराच्या वर्गणीची जबाबदारीही मूळ मालकावरच आहे. शिवाय १९५२ च्या खाण कायद्याने प्रत्येक खाणीत कामगारांची नोंदवही सक्तीची केली होती. म्हणजे नोंदी होत्या. त्या शोधण्याची तसदी कोणी घ्यायची, एवढाच प्रश्न उरतो. निधी कार्यालयाने अपुरा अर्जही पोच देऊन दाखल करून घ्यावा आणि जुनी खाती स्वतः धुंडाळावीत. राज्याच्या मजूर खात्याने कोणत्या खाणीवर कोणत्या साली कोण कंत्राटदार होते, याची यादी करून ती त्या त्या मामलेदार कचेरीत ठेवावी. बंद खाणींची दप्तरे वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडण्यापूर्वी हे व्हावयास हवे.

कुटुंबांनीही हातपाय गाळू नयेत. पगाराची जुनी चिठ्ठी, खाणीवरचे ओळखपत्र, प्रशिक्षणाचा दाखला, पगार जमा झालेले बँकेचे पासबुक यांपैकी एखादा कागदही खाते क्रमांकापर्यंत पोहोचवू शकतो. निधी कार्यालयाकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये लेखी माहितीही मागता येते. आणि जे आज कामावर आहेत, त्यांनी वारसाची नोंद केली आहे ना, नावाचे लेखन सर्वत्र एकच आहे ना, हे आजच पाहून ठेवावे.

सप्टेंबर २०१४ मध्ये या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम दरमहा एक हजार रुपये ठरली. सरकारी तिजोरीच्या हिशेबात ती नगण्य असेल. पण जिच्या घरात दुसरी मिळकत नाही, तिच्या चुलीचा तो आधार आहे. आणि ती भीक नव्हे, दयादानही नव्हे. गेलेल्या माणसाच्या कष्टाचा तो राखून ठेवलेला मोबदला आहे. जिवंतपणी ज्याच्या श्रमाचा हिशेब चोख घेतला गेला, त्याच्या मृत्यूनंतर ‘नोंद सापडत नाही’ असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीस असू नये.