लातूर-नांदेडच्या नव्या वसाहतींचं पाणी ओढ्यांचे काठ कसं कापतं?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. देशभर बातमी झाली. आता एक साधा हिशेब. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १० एकरांच्या ले-आऊटवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर होतं सुमारे २० लाख लिटर. म्हणजे तशा चार रेल्वे, तेही एका संध्याकाळी.

मग हे पाणी जातं कुठे?

जमीन एनए होण्याआधी यातलं बरंचसं रानातच थांबायचं. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि मृगाचे पहिले पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात. नंतर माती फुगली की पाणी मुरणं मंदावतं, पण बांध आणि गवत त्याला अडवून धरतात. वसाहत झाली की तिथे स्लॅब, सिमेंटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉक येतात. तेच पाणी गटारातून काही मिनिटांत ओढ्यात पडतं.

शिवाय छतावरून आलेल्या पाण्यात गाळ नसतो. वेगाने येणारं, गाळ नसलेलं पाणी स्वतःच माती उचलू लागतं. आधी ओढ्याचा तळ खोल जातो, मग काठाचा पाया सुटतो आणि वरची माती ढासळते. कडेच्या शेतकऱ्याचं रान थोडं थोडं जातं, पुलाचे पाये उघडे पडतात. वाहून गेलेली माती पुढे मांजरा आणि गोदावरीच्या पात्रात साचते.

महापूर नव्हे, नेहमीचा पाऊस

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावं पाण्याखाली गेली. अशा पुरांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, ते योग्यच आहे. पण ओढ्याचा काठ कापण्याचं बरंचसं काम दरवर्षी येणारे मध्यम लोंढे करतात. पूर्वी ज्या पावसात ओढा जेमतेम वाहायचा, त्यात तो आता दुथडी भरतो.

आपले नियम मात्र मोठ्या पुराच्या हिशेबाने आखलेले आहेत. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर बुडू नये, हा त्यांचा हेतू. ओढा टिकावा, हा नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. पण त्याचा भर पाणी साठवण्या-मुरवण्यावर आहे, ओढ्यात किती वेगाने सोडायचं यावर नाही.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम भागात ठरावीक आकारापुढच्या बांधकामांना वेगळी अट आहे. वाहून जाणाऱ्या पाण्याचा जोर आणि कालावधी सहसा जमिनीवर जंगल असताना होता तेवढाच ठेवायचा, आणि तोही अगदी लहान पुरांपासून.

मराठवाड्यात काय करता येईल?

नुसत्या शोषखड्ड्यावर भिस्त ठेवून चालणार नाही, कारण भिजलेल्या काळ्या मातीत पाणी फार हळू मुरतं. खाली मुरूम लागत असेल तर गोष्ट वेगळी. इतर ठिकाणी ले-आऊटमधल्या मोकळ्या जागेचा सखल कोपरा उथळ तळ्यासारखा ठेवता येतो. त्याचं तोंड लहान ठेवलं की तासाभरात धावणारं पाणी दिवसभरात बाहेर पडतं. एरवी तिथे पोरं क्रिकेट खेळू शकतात. गटाराचा पाइप ओढ्यात जिथे पडतो तिथे मोठे दगड रचले, तर पाण्याचा मार तळावर बसत नाही. काठावर करंज, निर्गुडी आणि वाळा माती धरून ठेवतात.

ओढा जेसीबीने सरळ आणि खोल करणं हा मात्र बऱ्याचदा उलटा उपाय ठरतो. वळणं गेली की उतार वाढतो, उतार वाढला की वेग. मग कापणी वरच्या अंगाला सरकत जाते. सिमेंटची भिंत बांधली, तर तेवढा तुकडा वाचतो आणि भिंत संपते तिथून पुढच्या शेताचा काठ सुटतो. त्या शेताचा मालक बहुतेक वेळा शहराच्या हद्दीबाहेरचा असतो. ज्या ले-आऊटचं पाणी त्याच्या रानात घुसतं, त्याच्या मंजुरीच्या वेळी त्याला कुणी विचारलेलंही नसतं.