पदविका : मुक्काम की पायरी?

दहावीचा निकाल लागला की शहरातील मध्यमवर्गीय घरांतून तंत्रनिकेतनाची चर्चा सुरू होते आणि ती बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन ठेपते : तीन वर्षांच्या पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळेल ना? बारावीचा आणि प्रवेशपरीक्षेचा जाच चुकविणारा आडमार्ग, एवढीच पदविकेची ओळख उरली आहे. त्याबद्दल पालकांना बोल लावण्यास आम्ही तयार नाही. पुढे भिंत दिसत असेल, तर त्या वाटेने आपले मूल कोण धाडील?

वस्तुतः पदविकेचे शिक्षण पदवीच्या सोयीसाठी जन्मलेले नाही. पुण्याच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आज एवढा दबदबा आहे, ते १८५४ साली निघाले तेच मुळी सार्वजनिक बांधकामांना लागणारे दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठी. इमारती, कालवे, पूल उभे राहायचे तर आराखडा आखणारा साहेब पुरेसा नाही, हे त्या परक्या सरकारालाही कळत होते! अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, ‘इंजिनिअरिंग’हून ती निराळी विद्या मानली जाते आणि तिची पारखही निराळ्या निकषांवर होते.

ही विद्या कोणती? काँक्रीटचा पंधरा सेंटिमीटरांचा ठोकळा अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून त्याची ताकद पाहणे, नकाशातील माप प्रत्यक्ष जागेवर बसत नाही हे खोदाईपूर्वीच ओळखणे, लेथवरील कारागिराला अभियंत्याचे म्हणणे आणि अभियंत्याला कारागिराची अडचण समजावून देणे. हा मधला माणूस कच्चा असला की स्लॅब गळतो आणि चौकशी समिती नेमावी लागते.

असे असता या माणसाची आपण कोणती कदर करतो? कित्येक ठिकाणी पदविकेच्या जागेवर पदवीधर मिळाला की त्यालाच पसंती दिली जाते. मग उरलेल्यांनी पदवीमागे धावू नये तर काय करावे? शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. परंतु वर्ष भरताच एकाला निरोप द्यावयाचा आणि दुसऱ्याला बोलवावयाचे, अशी वहिवाट जेथे पडली असेल, तेथे ती उमेदवारी नव्हे, स्वस्त मजुरी आहे. कारखानदारांच्या संघटना कुशल माणसे मिळत नाहीत म्हणून गाऱ्हाणे मांडतात, तेव्हा आम्हांस नवल वाटते.

सरकारने सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा या आपल्या खात्यांपासून आरंभ करावा. पदवी न घेता पदविकाधारकाला कोणत्या पदापर्यंत, किती वर्षांत आणि कोणत्या वेतनावर चढता येते, हे तंत्रनिकेतनाच्या प्रवेशपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापावे. ते पान छापण्याजोगे नसेल, तर आधी सेवानियम बदलावेत.