प्रदर्शनांतला गल्ला व घरचा हिशेब

दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ हा आतां हस्तकलेच्या प्रदर्शनांचा हंगाम होऊन बसला आहे. मुंबईस, पुण्यास, दिल्लीस मोठमोठे मांडव पडतात आणि आमचे सुतार, कातारी व चितारी बंधू रात्रीचा दिवस करून तयार केलेला माल टेंपोंत घालून तिकडे नेतात. पांच-सहा दिवसांनीं परत आल्यावर शेजारी विचारतात, "काय, किती झाले?" कारागीर सांगतो, "चाळीस हजार झाले." ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पण चाळीस हजार झाले म्हणजे हातांत काय राहिलें, हें शेजारी विचारीत नाहीं, आणि दुःखाची गोष्ट ही कीं, कारागीरही स्वतःस विचारीत नाहीं. तो हिशेब आज आम्ही मांडणार आहों.

पूर्वी गांवचा सुतार बलुतेदार होता. वर्षभर नांगर, कुळव, पाभर व गाड्या दुरुस्त कराव्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचें बलुतें घ्यावें, असा रिवाज होता. त्या दिवसांचे गोडवे आम्ही गात नाहीं. कामाचा दाम कारागिरानें सांगावयाचा नसे, देणाऱ्याच्या मर्जीवर सूप भरे. पुढें लोखंडी नांगर आला, मग ट्रॅक्टर आला, बलुतें बुडालें आणि हातांतलें कसब तेवढें उरलें. सावंतवाडीच्या चितारआळीची लांकडी फळें, भाज्या व खेळणीं साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण कसब घरांत असून पोट भरत नाहीं. गिऱ्हाईक शहरांत, कारागीर गांवांत, आणि मध्यें दलाल बसलेला. प्रदर्शनाची वाट मोकळी झाली ती दलालाला टाळण्यासाठीं.

ही वाट खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. हरियाणांतील सूरजकुंडचा मेळा १९८७ सालापासून भरतो. दिल्ली हाट १९९४ सालीं सुरू झाला आणि तेथें कारागिरांस पाळीपाळीनें पंधरा-पंधरा दिवस गाळे मिळतात. अशा ठिकाणीं गिऱ्हाईक समोर उभें राहून वस्तु हातांत घेतें, कशी केली तें विचारतें, काय आवडलें व काय नाहीं तें तोंडावर सांगतें. बायको-मुलांनीं घासून गुळगुळीत केलेल्या पोळपाटाचें कोणी परक्यानें कौतुक केलें, म्हणजे छाती भरून येते. ही कमाईसुद्धां लहान नव्हे. परंतु कौतुकानें चूल पेटत नाहीं.

आतां हिशेब पाहा. समजा, पांच दिवसांत चाळीस हजारांची विक्री झाली. त्यांतून गाळ्याचें भाडें बारा हजार, टेंपोचें जाण्यायेण्याचें सहा हजार, दोन माणसांचें राहणें-जेवण पांच हजार, लांकूड, लाख, रंग व पॉलिशकागद मिळून नऊ हजार, आणि मोडतोड व पिशव्या एक हजार. हे तेहतीस हजार झाले. उरले सात हजार. आतां हा माल करण्यास नवराबायको वीस दिवस खपलीं आणि पांच दिवस गाळ्यावर उभीं राहिलीं. दोघांचे मिळून पन्नास दिवस होतात. सात हजारांस पन्नासांनीं भागा: रोजचे एकशें चाळीस रुपये पडले! शेतकरी बंधूंनो, एवढ्या रोजावर तुमच्या शेतांत खुरपणीला तरी कोणी येईल काय? आणि एखादे वर्षीं अवकाळी पाऊस येऊन मांडवांत चिखल झाला, तर हे एकशें चाळीसही वाहून जातात व भाड्यासाठीं काढलेलें कर्ज मागें राहतें.

याशिवाय दुसरी नागवणूक असते. हजारांचा मोबाईल खिशांत बाळगणारें गिऱ्हाईक लाटण्याच्या दहा रुपयांसाठीं घासाघीस करतें. शेजारच्या गाळ्यावर व्यापारी यंत्रावर निघालेला माल "हातचा" म्हणून निम्म्या किंमतीस विकतो. शेवटच्या दिवशीं संध्याकाळीं कोणी शेटजी येतो आणि "परत नेण्याचें भाडें तरी वाचेल" असें सांगून उरलेला माल पडेल भावानें उचलतो. कोणी शंभर नगांची मागणी तोंडी नोंदवून जातो. विसार घेतलेला नसतो, माल तयार होतो आणि गिऱ्हाईक फोन उचलीत नाहीं. यांत चोरापेक्षां आपली भीड अधिक घात करते.

तेव्हां करावें काय? पहिली गोष्ट, घरांत वही ठेवा. मजुरी ही खर्चांत धरा, नफ्यांत नव्हे. प्रत्येक वस्तूवर सामान, मजुरी आणि प्रदर्शनखर्चाचा वांटा मांडून जो आंकडा येईल, त्याच्या खालीं विकूं नका. घरची बाई लिहूं-वाचूं शकत असेल, तर वही तिच्या हातीं द्या. तिच्या हातून फुकटची सूट सहसा सुटत नाहीं.

दुसरी, हस्तकला विकास आयुक्तांच्या कचेरींतून कारागिराचें ओळखपत्र काढा. सरकारी जत्रांत गाळा मागतांना तें उपयोगी पडतेंच, पण खेळणीं करणाऱ्यांस त्याची गरज अधिक आहे. खेळण्यांवर प्रमाणचिन्ह सक्तीचें करणारा २०२० चा हुकूम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यांतून आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालास सूट दिलेली आहे. नोंद नसेल, तर तुमच्या हातचा लांकडी बैलही कायद्याच्या अडचणींत सांपडूं शकतो. मात्र तें ओळखपत्र दुसऱ्यास वापरावयास देऊं नका. कार्ड कारागिराचें आणि गाळा व्यापाऱ्याचा, असे प्रकार कानांवर येतात. चार पैशांसाठीं नांव विकणारा आपल्याच भाऊबंदांचा गाळा विकतो.

तिसरी, १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेंत अठरा धंदे आहेत. त्यांत सुतार व खेळणीं करणारे दोन्हीं येतात. पांच टक्के व्याजानें प्रथम एक लाख व पुढें दोन लाखांपर्यंत कर्जाची त्यांत सोय ठेविली आहे. तें कर्ज घेतलें तर हत्यारांत व सुकलेल्या लांकडांत घाला, गाळ्याच्या भाड्यांत घालूं नका. कोंकणच्या दमट हवेंतील अर्धवट ओलें लांकूड दिल्लीच्या कोरड्या हवेंत गेलें कीं तडकतें, आणि तडकलेल्या वस्तूबरोबर कारागिराचें नांवही तडकतें.

चौथी आणि मुख्य गोष्ट एकीची आहे. तीन घरांनीं मिळून एक गाळा घ्यावा, एक टेंपो करावा, दोघांनीं जावें आणि बाकीच्यांनीं घरीं काम चालूं ठेवावें. विक्री तिप्पट होईल असें वचन आम्ही देत नाहीं, पण भाडें तिघांत वांटलें जाईल हें नक्की. तिघांनीं एक भाव ठरविला, तर शेवटच्या संध्याकाळीं येणाऱ्या शेटजीस "माल परत नेऊं, पण या भावानें देणार नाहीं" असें सांगण्याचें बळ येईल. एकट्या माणसाला तें बळ नसतें.

शेतकरी वाचकांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. कांद्याला भाव पडला म्हणजे पोटांत कसा गोळा उठतो, तें तुम्हांस आम्हीं सांगावें असें नाहीं. मग लेकराला खेळणें किंवा मुलीच्या संसाराला पाट-पोळपाट घेतांना गांवच्या सुताराशीं तीच घासाघीस कां? घामाचा दाम मागणाऱ्यानें घामाचा दाम दिलाही पाहिजे.

कारागीर बंधूंनो, प्रदर्शनास अवश्य जा. पण जाण्यापूर्वीं वही उघडा, आणि परत आल्यावर गल्ला मोजण्याआधीं खर्च मोजा. खळ्यावरचें सूप भरण्याची मर्जी दुसऱ्याची होती. आज वस्तूवरची किंमतीची चिठ्ठी तुम्ही स्वतः लिहितां. ती लिहितांना हात कांपूं देऊं नका.