मत वेगळे, म्हणून औषध बंद?

2024 च्या लोकसभा निकालानंतरची गोष्ट. आपल्याच एका वस्तीतल्या आजींना बीपी आहे. त्यांच्या गोळ्या शेजारचा पोरगा दर महिन्याला सरकारी दवाखान्यातून आणून द्यायचा. एका घराने वंचितला मत दिले, दुसऱ्याने मशालीला. "तुमच्यामुळे मते फुटली", "तुम्ही समाज विकला" असे शब्द गेले आणि बोलणे तुटले. त्याबरोबर गोळ्याही बंद झाल्या. मी गेले तेव्हा आजींचा वरचा बीपी 190 होता. अशाने लकवा मारतो, जीवही जातो.

आपल्या धाराशिवमध्ये ओमराजे निंबाळकर सव्वातीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. हरलेल्या अर्चना पाटील त्यांच्या चुलत भावाच्या पत्नी. एवढ्या मोठ्या फरकात आपल्या गल्लीतल्या भांडणाने काय बदलले? आजींच्या गोळ्या तेवढ्या चुकल्या.

हरणे आपल्याला नवे नाही. 1952 मध्ये मुंबईत खुद्द बाबासाहेब सुमारे 15 हजार मतांनी हरले, 1954 मध्ये भंडाऱ्यातही हरले. म्हणून त्यांनी समाजाचे काम सोडले नाही. 1956 मध्ये त्यांनी आपल्याला धम्म दिला. 22 प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यात अमक्या पक्षाचा सोडून, असे कुठे म्हटले आहे?

काही तरुण विचारतात, "ताई, संविधानावर उठलेल्यांनाही माया लावायची का?" माझे उत्तर सरळ आहे. अत्याचार झाला तर फिर्याद द्या, ॲट्रॉसिटीचा कायदा त्यासाठीच आहे. मोर्चा काढा, जाब विचारा. करुणा म्हणजे गप्प बसणे नव्हे. पण वेगळे बटण दाबणारा शेजारी अत्याचारी होत नाही. त्याच्याशी वाद घाला, त्याच्या घरातल्या आजाऱ्याला मात्र वाऱ्यावर सोडू नका.

वॉर्डात मी कितीतरी रक्ताच्या पिशव्या चढवल्या. रक्त देणाऱ्याने कोणाला मत दिले, हे एकाही नातेवाइकाने विचारले नाही.

म्हणून एवढे करा. ज्या घराशी बोलणे बंद आहे, तिथे जाऊन आधी तब्येत विचारा. बीपी, शुगरच्या गोळ्या संपल्या असतील तर आणून द्या. बरे वाटते म्हणून त्या मनाने बंद करू देऊ नका. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली तर 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत तिच्याजवळ थांबा. विहारात बीपी तपासणी ठेवाल तेव्हा निरोप सगळ्या गल्ल्यांत द्या.

त्या पोराला मी आजींचा बीपी किती आहे तेवढेच सांगितले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचे कार्ड घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभा होता. मत त्याने बदललेले नाही. बदलायची गरजही नाही.

नमो बुद्धाय, जयभीम!